जाताना शेतं, येताना समुद्र

ता. २ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
तुझ्या निरक्षर पण बोलघेवड्या आजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईने ते मला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा सावकाश. शिकलीसवरली मुलगी खुर्चीतली नोकरी सोडून लोकांना सायकलवर हिंडवण्याच्या धंद्याला लागली, हे तिला अजून शेजारणीला सांगता आलेलं नाही. विचारलं की, ती पर्यटनात आहे, एवढंच पुटपुटते. हे वाक्य लिहायला ती तयारच नव्हती. मी म्हटलं, हात तुझा असला तरी पत्र माझं आहे, लिही मुकाट्याने.

फोन का करत नाहीस म्हणून रुसू नकोस. फोनवर मला फक्त माझाच आवाज ऐकू येतो, आणि तो मी दिवसभर ऐकतेच. पत्र बरं. परत वाचून घेता येतं.

आता कामाचं. तुझ्या मालकांना नवा रस्ता हवाय. मोटारींची वर्दळ नको, थोडी शेतं हवीत, थोडा समुद्र हवा, आणि गेल्या रस्त्याने परत यायचं नाही. असा रस्ता आणलास तर रस्ते शोधण्याचं काम कायम तुझं, नाहीतर मागच्या खोलीत पंक्चर काढत बसायचं. आणि या अडचणीत तुला आठवण कुणाची झाली, तर जिला रस्त्यावरची पाटी वाचता येत नाही तिची! तुझी परिस्थिती फारच बिकट दिसते गं.

तू लिहितेस, आजीने तो सगळा मुलूख पालथा घातलाय. अगं, मी नाही घातला, मला घालवला. तुझे आजोबा गावोगाव शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. सायकल हे चालवायचे आणि मागे कॅरियरवर मी, मांडीवर हत्यारांची पेटी, बोटात तेलाची बुदली. यांनी मशीन जोडलं की टीप मारून बघायचं काम माझं. टाका सुटला की मी नुसतं यांच्याकडे बघायची. यांना तेवढं पुरायचं.

तर ऐक. त्या बाजूला जायला दोन रस्ते आहेत. आपल्या जुन्या घरापासून पुलाखालून बाहेर पडलीस की शेतांचा रस्ता. डाव्या हाताला वीटभट्टी, मग कोबीची शेतं, कोबी संपता संपत नाही, मग पिवळी शाळा, मग विहिरीवरचं कुत्रं. ते आता नसेल, पण त्याचं खानदान भुंकत असेल. शेवटी बर्फाचा कारखाना. तिथे आमचं शेवटचं गिऱ्हाईक. परत यायचं ते समुद्राच्या रस्त्याने. बर्फाच्या कारखान्यापासून निघालीस की डाव्या हाताला समुद्र. मग वाळत घातलेली जाळी, मग दीपस्तंभ, मग होड्या रंगवायची शेड, आणि सगळ्याच्या मागे नुसता समुद्र. काय रस्ता आहे, बाई! गंमत म्हणजे दोन्ही रस्त्यांना वेळ सारखाच लागायचा.

डोक्यावर ते टोपलं घालत जा. तुझी आई म्हणते त्याला हेल्मेट म्हणतात. माया आहेच, ती वाढवायची असेल तर पत्र मोठं लिही.

तुझी,
आजी
(अक्षर सूनबाईचं, अक्कल माझी)

---

ता. १३ नोव्हेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. (आईलाही, रागावलेली असली तरी.)

आजी, माझा निकाल लागला आहे. कसा, ते सविस्तर सांगते.

तुझं पत्र आलं आणि मी नाचतच मालकांकडे गेले. त्यांनी नकाशा उघडला. नकाशात एकच रस्ता. मी छाती पुढे काढून सांगितलं की नकाशा काढणाऱ्यांना काय कळतंय, माझी आजी या रस्त्यांवर आयुष्यभर फिरली आहे, दुसरा रस्ता लहान असेल म्हणून त्यांना दिसला नसेल. मालक भलतेच खूश झाले. नकाशात नसलेला रस्ता म्हणजे त्यांना खजिनाच वाटला. पुढच्या रविवारी जुने, पट्टीचे सायकलवाले त्यांनी आमंत्रण देऊन बोलावलेत. स्वतःही येणार आहेत. ही मंडळी माना डोलवतील तर रस्ता पक्का आणि मीही पक्की.

हे सगळं सांगून झाल्यावर मी रस्ता बघायला गेले. उलट क्रमाने कामं करण्याचा हा गुण घराण्यातच असावा.

वीटभट्टी आहे. कोबी आहे, अजून संपत नाही. शाळा आता निळी आहे. कुत्रं आहे, आणि तुझा निरोप पोचल्यासारखं माझ्या पोटरीवरच धावून आलं. मी तुझी एकेक खूण डावीकडे शोधत, मिळाली की खूश होत, बर्फाच्या कारखान्यापर्यंत पोचले. तिथल्या बाईंना समुद्राचा रस्ता विचारला. त्यांनी मी आले त्याच रस्त्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, हा शेतांचा, मला दुसरा हवाय. त्या म्हणाल्या, दुसरा आम्हालाही हवाय, अर्ज करून थकलो.

तरी मी हट्टाने निघाले. डावीकडे समुद्र. जाळी. दीपस्तंभ. होड्यांची शेड. सगळं तू सांगितलंस तसं, त्याच क्रमाने. मला इतका आनंद झाला की सहज उजवीकडे मान वळवली.

उजवीकडे कोबी.

आजी, रस्ता एकच आहे. एका अंगाला शेतं, दुसऱ्या अंगाला समुद्र. जाताना उजव्या कानाशी समुद्र घोंगावत होता आणि मी तो वारा समजले, कारण तू उजवीकडचं काही सांगितलंच नव्हतंस. मला एकच सांग, तू कॅरियरवर पाय कुठल्या बाजूला सोडून बसायचीस?

रविवारी मी त्या लोकांना काय दाखवू? पंक्चर काढायला माझी ना नाही, पण मालकांसमोर छाती काढून बोलले होते, ती आता कुठे ठेवू?

तुझ्या लोभाची या घडीला फार गरज असलेली,
भिंगरी

---

ता. १७ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
एका रस्त्याने गरीब झालेल्या आजीचे अ. उ. आ.

पाय डावीकडे. कायम डावीकडे.

तुझ्या आईने ते कोबीचं वाक्य वाचलं आणि तिला हसू आवरेना. मला आधी कळेचना. मग कळलं, आणि मी इतकी हसले की मला पाणी पाजावं लागलं. या वयात माणसाचा दात पडतो, केस जातात. माझा अख्खा रस्ता गेला.

पण माझी बाजू ऐकून घे. पेटी मांडीवर, बुदली बोटात. जरा मान वळवली की सायकल डुलायची आणि हे ओरडायचे की खिळे सांडतील, सरळ बस. सरळ म्हणजे डावीकडे. त्या रस्त्याने मी त्या कॅरियरशिवाय दुसऱ्या कशावरही बसून कधी गेले नाही. आणि बर्फाच्या कारखान्याशी हे मला अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायचे, आज परत कुठल्या रस्त्याने जायचं? मी म्हणायची, समुद्राच्या. मग हे कारखान्याला दोन फेऱ्या मारायचे, गल्लीत शिरायचे, बाहेर पडायचे, आणि सांगायचे की लागलो बघ समुद्राच्या रस्त्याला. एकदा मी मुद्दाम म्हटलं, आज शेतांवरून चला. तर म्हणाले, तो रस्ता खणून ठेवलाय. पुढच्या खेपेलाही खणलेला. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणे डांबर ओलं आहे. बिचाऱ्या त्या कामगारांची मला दया यायची गं. म्हणायची, किती राबतात, पण सकाळी आपण येईपर्यंत सगळं कसं गुळगुळीत करून ठेवतात!

काल यांच्या फोटोसमोर उभी राहून चार शब्द सुनावले. फोटोतही तोच गंभीर चेहरा. मला वाटायचं कॅमेऱ्याला घाबरलेत.

पण भिंगरे, खरं सांगू? परतताना हे पार थकलेले असायचे, मी वैतागलेली असायची. त्यात हे म्हणायचे की खास तुझ्यासाठी समुद्राच्या रस्त्याने नेतो. मी गप्प व्हायची आणि मजेत बसायची. हा माणूस माझ्यासाठी लांबचा फेरा घेतो, असं वाटायचं. फेरा कारखान्याभोवतीचाच होता, पण घेतला तर होताच.

आता तुझं. तुझी आई सांगते की मालकांना आत्ताच्या आत्ता फोन करून खरं सांग, नोकरी जाते तर जाऊ दे. मी सांगते की खरं सांगच, पण आधी त्यांना रस्त्यावरून एकदा जाऊ दे. तोंडी सांगितलेला रस्ता कुणालाच आवडत नाही. यावरून आमचं सकाळपासून बोलणं बंद आहे. हे पत्रही खुणांनी सांगितलंय.

काय होईल ते लगेच लिही. नोकरी गेली तरी लोभाला धक्का नाही, पण राहिली तर बरं.

तुझी,
आजी

---

ता. २४ नोव्हेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

मी आईचं ऐकायचं ठरवलं होतं. रविवारी पुलाखाली सगळे जमले, मी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यातले एक दंतवैद्य सगळ्यात आधी सुटले. मग त्यांना गाठायला बाकीचे. ही पट्टीची मंडळी एकमेकांच्या मागच्या चाकावर नजर रोवून अशी सुसाट गेली की मी शेवटी, धापा टाकत. मालक चष्मा घालून सायकल चालवत नाहीत, तेव्हा त्यांच्यापुढे नकाशा धरायचाही प्रश्न नव्हता.

बर्फाच्या कारखान्याशी पोचले तेव्हा ते आधीच पाणी पीत उभे. मालक म्हणाले, चल, आता तो समुद्राचा रस्ता दाखव. मला खरं सांगायचं होतं, आजी. शपथेवर. पण माझे पाय माझ्याआधी निघाले. कारखान्याला दोन फेऱ्या, गल्ली, बाहेर. पाठीमागे सगळी वरात.

परतताना अंगात कुणाच्याच जोर नव्हता. सगळे रमतगमत, माना वर. दीपस्तंभाशी दंतवैद्य उतरलेच. म्हणाले, असा रस्ता असताना त्या शेतांतून कशाला आणलंत? एकजण म्हणाले, जातानाही हाच ठेवा ना. मालक तर छोट्या मुलासारखे समुद्राकडे बघत चालले होते.

दुकानात पोचल्यावर मालक उठून मला पक्कं केल्याचं सांगणार, तेवढ्यात मी सगळं ओकले. एकच रस्ता, तू, कॅरियर, कोबी, आजोबा. दंतवैद्य म्हणाले, अशक्य. मालकांनी चष्मा घातला, नकाशा बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. मग विचारलं, जाताना समुद्र कुणी पाहिला? दंतवैद्य म्हणाले की पहिल्या वळणावर मालक पुढे निघून गेले, तेव्हापासून त्यांनी फक्त मालकांचं मागचं चाक पाहिलं. मालक म्हणाले की त्यांनी तर तेही पाहिलं नाही, कारण ते सगळ्यांत पुढे होते आणि आपण किती पुढे आहोत हेच बघत होते. आणि मग जे हसले!

काम माझं, आजी. पक्कं. मात्र लोकांना खरं सांगायचं ते परत आल्यावर, आणि कारखान्याच्या दोन फेऱ्या चुकवायच्या नाहीत, असा मालकांचा हुकूम आहे. आईला सांग, मी खरंच सांगितलं. फक्त थोडं उशिरा.

तुमच्या दोघींच्या लोभावर चालणारी,
भिंगरी

---

ता. ३० नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ., आणि पाठीवर एक धपाटा, तोही आशीर्वादच समज.

तुझी आई पत्र हातात घेऊनच शेजारणीकडे गेली. पर्यटन वगैरे काही नाही, सरळ म्हणाली की माझी मुलगी सायकलचे रस्ते शोधते. शेजारणीने कौतुकाने विचारलं, किती शोधले? तेव्हा मात्र तिने विषय बदलला. एक शोधला, आणि एक हरवला, असं कसं सांगणार?

मला मोठा दिलासा मिळाला तो वेगळाच. मी इतके दिवस समजत होते की मी अडाणी म्हणून फसले. आता दंतवैद्यही माझ्या पंगतीला आले. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि माझी एक दाढ हलते तेही सांग.

आता माझी मागणी. तुझी आई लिहायला का कू करतेय, पण लिहील. मला त्या रस्त्यावरून ने. तुमच्या दुकानात माणूस बसवायची तीनचाकी असेलच, ती काढ. तुझी आई म्हणते, समोर तोंड करून बसा, दोन्ही बाजू एकदम दिसतील. मला एकदम नको. मला सवय नाही, सगळंच बघायला लागलं तर बोलायला वेळ कधी मिळणार? मी आडवीच बसणार.

फक्त एक बदल कर. जाताना माझे पाय उजवीकडे सोड. आयुष्यभर समुद्र मला भेटला तो संध्याकाळीच. तोही दमलेला, मीही दमलेली. सकाळी तो कसा दिसतो, हे मी पाहिलेलंच नाही.

कोबी येताना बघीन. तो कुठे जातोय!

येत्या रविवारच्या गाडीने आम्ही दोघी निघतो. तुझी आई सोबत म्हणून येते आहे, सायकलवर बसायला नाही, असं तिने स्वतःच्या हाताने आणि फार ठळक लिहिलं आहे. लोभ आता पत्राने पाठवत नाही, घेऊनच येते.

तुझी,
आजी