देवव्रतने सुचवलेली कंपनी

रविवार, १४ जुलै २०२४

आज देवव्रतने माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती! मला उशीर झाला. आईची आंघोळ, मग रिक्षा मिळेना. बोरिवलीच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये शिरले तर सगळे बसलेले आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर त्याची बॅग. श्रुतिका म्हणत होती, "सर, बॅग उचला ना." तर म्हणाला, "मृणालिनी यायच्यात." सगळ्यांसमोर! शेहेचाळिसाव्या वर्षीही कान गरम होतात हे मला माहीत नव्हतं.

आमचा हा रविवारचा ग्रुप म्हणजे शेअरबाजाराचं वेड लागलेली साधी माणसं. पोस्टातून रिटायर झालेले भाऊराव, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी श्रुतिका, कॉलेजच्या लायब्ररीतली मी, आणखी चार-पाच जण. मोठ्या कंपन्यांकडे आम्ही बघतही नाही. ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा छोट्या कंपन्या शोधायच्या, त्यांचे अहवाल वाचायचे, भांडायचं, मग थोडे थोडे शेअर घ्यायचे. शिकवतो देवव्रत. आधी एका ब्रोकरकडे होता. फी घेत नाही. "कंपनी काय बनवते ते आईला समजावून सांगता आलं नाही, तर घ्यायची नाही," हा त्याचा नियम.

घरी येऊन आईला सांगितलं, मी शेअर घेतलेली कंपनी बिजागऱ्या बनवते. आई म्हणाली, "मग बिजागऱ्याच आण ना, बाथरूमचं दार लोंबतंय."

शुक्रवार, २ ऑगस्ट

बिजागऱ्या वर! लायब्ररीत काउंटरखाली मोबाइल धरून बघितलं आणि एकटीच हसले. देवव्रतचा फोन — "पार्टी कधी?" मी म्हटलं, "तू म्हणशील तेव्हा."

तू! तोंडातून गेलंच. फोन ठेवताना तो "चल, मृणाल" म्हणाला.

शनिवार, २४ ऑगस्ट

त्याच्याबरोबर अंधेरीला, एमआयडीसीत. एका कंपनीचं ऑफिस बाहेरून बघायला. माणसं कशी आत-बाहेर करतात, टेम्पो भरून जातात की रिकामे, हे बघायचं म्हणे. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेत उभे. टेम्पोंकडे माझं लक्षच नव्हतं.

मग उडप्याकडे जेवलो. बायको सोडून गेली त्याबद्दल तो पहिल्यांदाच बोलला. "पहिल्या दिवशी मला फक्त एवढंच वाटलं, आता भांडी कोण घासणार. बाकीचं सगळं नंतर वाटलं." मग मला विचारलं, लग्न का नाही केलंस? मी म्हटलं, बाबांचं आजारपण, मग आई, मग सवय. तो ताटातलं लोणचं माझ्या ताटात सरकवत म्हणाला, "सवय मोडता येते."

आईला सांगितलं, मैत्रिणीकडे गेले होते.

रविवार, १५ सप्टेंबर

आईला ताप. ग्रुपला गेले नाही. चिडचिड.

रविवार, २२ सप्टेंबर

आज कळलं. मागच्या रविवारी देवव्रतने सगळ्यांना एक कंपनी सुचवली — सुवर्धन पॅकफिल्म. गोळ्यांच्या पाकिटांना लागणारी फिल्म बनवते. आणि सगळ्यांनी घेतलीसुद्धा! आठवडाभर तो माझ्याशी रोज फोनवर बोलला. आईचा ताप, लायब्ररीतली वाळवी, त्याच्या डब्यातली भाजी, सगळं. सुवर्धनचं नाव नाही!

जिन्यात गाठून विचारलं. "अगं, तुझ्या आईचं चाललं होतं ना. सोड. तुझ्या बिजागऱ्या बऱ्या आहेत."

म्हणजे काय? मला झेपणार नाही? मी भित्री?

रविवार, १३ ऑक्टोबर

सुवर्धन रोज वर. भाऊरावांनी पेढे आणले. काल बुद्धविहारातही वाटले म्हणे. त्यांच्या बायकोचे, सोनूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. दिंडोशीच्या त्यांच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, चौथा मजला. भाच्याच्या लग्नानंतर त्या खाली उतरलेल्याच नाहीत. ऑपरेशनसाठी बाजूला काढलेलं सगळं भाऊरावांनी सुवर्धनमध्ये घातलंय. "साधं नाही, चांगल्या हॉस्पिटलात करणार, ताई! डिसेंबरची तारीखही घेतली!"

सगळे हसत होते. देवव्रत पाणी प्यायला उठला.

शुक्रवार, १ नोव्हेंबर. दिवाळी

मुहूर्ताच्या सौद्यांना बाजार संध्याकाळी तासभर उघडतो. आईने लक्ष्मीपूजनाचं ताट मांडलं आणि मी ताटाशेजारी मोबाइल घेऊन बसले. सुवर्धन घेतले. एफडी मोडून! देवव्रतला सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस, तेव्हा सांगणार. सगळे एकीकडे आणि मी एकटी बिजागऱ्या धरून बसलेली — नको आता तसं. जे होईल ते त्याच्याबरोबर होऊ दे.

निरांजन लावताना दोन काड्या मोडल्या. आईला वाटलं, फटाक्यांमुळे.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सुवर्धन एकदम खाली. एका दिवसात जेवढं पडायला परवानगी असते तेवढं, सकाळीच. विकणारे हजारो, घेणारा एकही नाही.

देवव्रत म्हणाला, "होतं असं. घाबरू नकोस." आणि मग, "तू कशाला घाबरतेस?"

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आजही. विकायला लावून ठेवले, बाजार बंद झाला, एकही गेला नाही. भाऊरावांचेही नाही, श्रुतिकाचेही नाही. दार कुणीतरी बाहेरून लावल्यासारखं.

देवव्रत फोन उचलत नाही. त्याचा बिचाऱ्याचाही जीव घाबरा झाला असेल!

रविवार, २४ नोव्हेंबर

तो आला नाही.

श्रुतिका आली ती रडूनच. घाटकोपरला तिच्या मावसभावाचा असाच एक ग्रुप आहे. तिथेही एक सर, फी न घेणारे. तिथेही सुवर्धन. तिने मोबाइलवर फोटो दाखवला. पांढऱ्या शर्टात, हातात खडू. देवव्रतच. मुलुंडलाही एक ग्रुप आहे म्हणे.

"शेअर चढवणाऱ्यांकडून पैसे मिळतात यांना," श्रुतिका म्हणाली. "आपल्या गळ्यात मारायचे आणि त्यांनी स्वतःचे विकून मोकळं व्हायचं. वाट लावली आपली!" मग माझ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही एकट्याच कशा सुटलात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मीही घेतलेत, एवढं म्हणायचं होतं. तोंडच उघडेना. ते म्हटलं असतं तर का घेतले तेही सांगावं लागलं असतं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

नंबर बंद. देवव्रतच्या मालाडच्या घराला कुलूप.

रविवार, १ डिसेंबर

दिंडोशीला भाऊरावांकडे गेले. सोनूबाईंनी स्टुलावर बसून चहा केला. उभं राहवत नाही. मला म्हणाल्या, "ते सर बरे आहेत ना गं? फोन लागत नाही म्हणतात हे. आजारी असतील. एकटा माणूस, करणारं कोणी नाही." त्यांना काही माहीतच नाही! भाऊराव खिडकीतून बाहेर बघत होते.

खाली सोडायला आले तेव्हा म्हणाले, "ताई, तिला कसं सांगू?" आणि मग, "तुमचं तरी बरं झालं." खरंच मनापासून म्हणाले. त्यांनी ओरडायला हवं होतं माझ्यावर.

गुरुवार, ५ डिसेंबर

दुपारी लायब्ररीत अनोळखी नंबर. देवव्रत.

मी पुस्तकांच्या रॅकमागे जाऊन उभी राहिले. मग — "मृणाल, तू नाही ना घेतलेस?"

"नाही," मी म्हटलं. का म्हटलं? तो आवाज ऐकला आणि एकदम तेच आलं तोंडात. त्याला अजून एक ओझं नको, असंच काहीतरी वाटलं असेल. वेडी मी.

तो रडला. पुरुष माणूस, हुंदके देऊन. "एवढं एक तरी मी नीट केलं. तुला लांब ठेवलं." म्हणाला, सुरुवातीला मलाही वाटलं होतं शेअर टिकेल, सगळ्यांचं भलं होईल. मग कळलं, पण तोवर त्या लोकांचे पैसे घेऊन बसलो होतो. मी विचारलं, "भाऊरावांनी पेढे आणले तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

मढला आहे म्हणाला. चर्चच्या मागच्या गल्लीत, वरची खोली. "कुणाला सांगू नकोस. तू ये. तुझ्याशिवाय आता कुणी नाही मला."

आणि हे वाचायला लाज वाटेल एक दिवस, तरी लिहिते: मला आनंद झाला.

शनिवार, ७ डिसेंबर

दोन दिवस अंगात ताप असल्यासारखं. कपाटातली निळी साडी काढली, परत ठेवली.

सकाळी भाऊरावांचा फोन. सोनूबाईंना सांगितलं म्हणे. "ओरडली असती तर बरं झालं असतं. काही बोलली नाही. हॉस्पिटलला स्वतः फोन लावला, म्हणाली, माझी तारीख दुसऱ्या कुणाला तरी द्या. मग भाजी चिरायला बसली."

मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. कुणासाठी ते कळलं नाही. त्याने एकीला वाचवायचं ठरवलं, ती मी. बाकीच्यांची नावं, घरं, गुडघे, सगळं माहीत असून! हे प्रेम असेल, तर ते घेऊन मी कुठे बसू? सोनूबाईंच्या स्वयंपाकघरात?

भाऊरावांना परत फोन केला. आधी माझ्या शेअरचं सांगितलं. मग मढच्या खोलीचा पत्ता.

सोमवार, ९ डिसेंबर

जीपमध्ये पोलीस, भाऊराव आणि मी. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हीच हाक मारा, उघडेल." लोखंडी जिना. मी पुढे. दार वाजवलं. "देवव्रत, मी आहे."

लगेच उघडलं त्याने. दाढी वाढलेली. मला बघून हसला.

"आलीस!" म्हणाला. पोलीस अजून जिन्यातच होते.