पाटात सोडलेले चाळीस अक्रोड

आदरणीय थोरले भाऊजी यांस,

ऊल्कानचा सलाम. तुमचे गुडघे, जाऊबाईंचा रक्तदाब, ओश शहरातली नातवंडं आणि ती लंगडी गाय, सगळं ठीक असेल असं धरून चालते. मीही ठीक आहे. तुमच्या धाकट्या भावाला जाऊन या वसंतात दोन वर्षं झाली. कबरीवरचं गवत मी काढते. सकाळी अजून दोन पेले मांडते, मग एक उचलून ठेवते. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

येत्या शुक्रवारी नमाजानंतर चहाखान्यात गावाचा नवा पाटकरी निवडायचा आहे, हे तुमच्या कानावर आलंच असेल. आमचे हे गेल्यापासून एर्गेश ते काम बघतो, आणि तेव्हापासून पाटाच्या शेपटाला, म्हणजे शाळेला आणि आम्हा खालच्या आळीतल्या बायकांच्या वाफ्यांना, पाण्याऐवजी त्याची आश्वासनं येतात. (ती मात्र वेळेवर येतात.) म्हणून मीही नाव दिलं आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही. मी मास्तरीण कशी झाले ते सांगायला लिहिते आहे.

भूगोलाचे गुरुजी रशियात विटा रचायला गेले. हेडमास्तर ओरोझाली माझ्या दारात येऊन म्हणाले, "आपा, तुमच्याकडे पुस्तकं आहेत. पाण्याचा धडा तेवढा उरकून द्या." (पुस्तकं म्हणजे बंद पडलेल्या वाचनालयातून मी चुलीसाठी आणलेली. जाळण्याआधी चाळायची खोड लागली आणि एकही चुलीत गेलं नाही. शाळा मी सातवीपर्यंतच पाहिली, पण पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे तीस वर्षं पाटकऱ्याच्या घरात राहून शिकले.)

पहिल्या दिवशी वाफेचा धडा. मी घरची मोठी कढई शाळेच्या अंगणात चुलीवर चढवली, पाणी उकळलं आणि वर थंड झाकण धरलं, म्हणजे ढग कसा होतो ते पोरांना दिसावं. आता आपल्या गावात भर दुपारी अंगणात मोठी कढई चढली याचा अर्थ काय होतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. झाकणाला थेंब लागायच्या आत अर्धी गल्ली वाडगे घेऊन हजर. म्हाताऱ्या इमामसाहेबांना वाटलं, तुमच्या भावाच्या नावाने जेवण आहे. त्यांनी हात वर करून दुवा सुरूही केली. मी काय बोलणार? दुवा चांगली होती, पुरी होऊ दिली. मग घरून तांदूळ, गाजरं आणि ठेवणीतलं मटण आणलं. पाणीचक्र बघायला आलेला वर्ग पुलाव खाऊन घरी गेला. झाकणावरचे थेंब फक्त तुर्सुनाय नावाच्या एका मुलीने पाहिले होते.

याच तुर्सुनायने दुसऱ्या दिवशी विचारलं, "आपा, पाणी कधीच नाहीसं होत नाही असं पुस्तकात आहे. मग आमच्या आळीचं कुठे गेलं?"

प्रश्न रास्त होता. कुंपणाचा लाल रंग उरला होता, त्यात आम्ही चाळीस अक्रोड बुडवून वाळवले आणि डोंगराच्या पायथ्याशी, पाटाच्या तोंडाशी सोडले. त्या दिवशी पाळी खालच्या आळीची होती, तेव्हा पाटाची वरची सगळी दारं बंद असायला हवी होती. आम्ही शाळेपाशी पाटाच्या शेपटाला टोपल्या घेऊन बसलो. संध्याकाळपर्यंत नऊ अक्रोड आले.

मग वर्ग शोधाला निघाला. हेडमास्तरांच्या कांद्यात तीन सापडले. अकरा एर्गेशच्या लसूणघासात.

हेडमास्तर तोंड बारीक करून म्हणाले, "आपा, हा धडा पुस्तकात आहे का?"

"आहे की. पाणी जमिनीत मुरतं, असं लिहिलंय. कुणाच्या, ते लिहायचं राहिलंय."

एर्गेशला मात्र राग आला. "वहिनी, खांद्यावर कुदळ टाकून पाट हिंडणं म्हणजे पोरांना गोष्टी सांगणं नव्हे."

"खरंय," मी म्हटलं. "तुझ्या घासात अक्रोडाचं पीक आलंय, तेवढं वेचून घे."

उरले सतरा. पोरांना मी सांगितलं, ते वाफ होऊन गेले. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. तुर्सुनायने पेन खाली ठेवलं. "अक्रोडाची वाफ होत नाही, आपा." दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही.

बाकी सर्व कुशल. जाऊबाईंना मीठ कमी खायला सांगा.

आपली भावजय,
ऊल्कान

ता. क. शुक्रवारी गावाला या आणि माझ्यासाठी हात वर करा. तुमचा हात वर गेला की वरच्या आळीतले आणखी दहा तरी जातात.

ता. क. दुसरा. सतरा अक्रोड तुमच्या जर्दाळूच्या बागेत होते. तुम्ही गावात नसता, बागेची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मी एकटीच जाऊन आले. पाटाच्या बांधातलं, दगडाखालचं ते भोक तुमच्या भावानेच पाडलं होतं. वडलांच्या मागे तुम्ही त्याला वाढवलंत, त्याला तुम्हाला नाही म्हणता येत नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले, तेव्हा निम्मं भोक माझं आहे. काल तुर्सुनायला खरं सांगितलं. तिने विचारलं, बाग कुणाची? मी म्हटलं, मोठ्या दिराचं नाव आम्ही बायका घेत नाही. (हा रिवाज आयुष्यात पहिल्यांदाच सोयीचा वाटला.)

ता. क. तिसरा. काल दुपारी भोक मी दगडमाती घालून बुजवलं आहे. तुमची पाळी मंगळवारी, पहाट ते दुपार, सगळ्यांसारखी. झाडांना पुरेल, मी मोजलं आहे. माती अजून ओली आहे. भोक उघडून हवं असेल तर एर्गेशसाठी हात वर करा, तो तुम्हाला नाही म्हणणार नाही. मी म्हणेन. तरीही या.