हेरन पॉइंटची मजुरी आणि माझी निरवानिरव

मी, एनिड मार्गारेट व्हॉस्पर, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, व्यवसाय अर्थशास्त्र (आता निवृत्त), राहणार हेरन पॉइंट, टास्मानिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी धाकटा भाऊ लेस्टर याच्यावर रागावलेली असताना केले होते.

१. टेकडीवरचे राहते घर लेस्टरची मुलगी केरी हिला द्यावे. तिने ते खुशाल विकावे. मात्र आधी एक हिवाळा तिथल्या गारठ्यात काढावा, म्हणजे गिऱ्हाइकाला भाव सांगताना जीभ जरा अडखळेल.

२. माझा वाचायचा चष्मा कॅनबेराचे प्राध्यापक गॅलर्ड यांना. मी गावोगाव हिंडून जमवलेली माहिती त्यांनी स्वतःच्या नावाने छापली आणि माझे आभार तळटीपेत मानले. ती टीप वाचायला त्यांना चष्मा लागेल.

३. मजुरीची सगळी माहिती, लोकांची नावे काढून, विद्यापीठाच्या ग्रंथालयाला. ती कोणालाही पाहू द्यावी. मला खोटे पाडायला येईल त्याला सगळ्यांत आधी.

ही माहिती जमवण्यापायी मी भाऊ गमावला होता, म्हणून चार ओळी जास्त लिहिते. लेस्टर नगराध्यक्ष असताना त्याने सरकारी मदतीवर गावात बटाट्याचा कारखाना आणला. गावाचा सरासरी पगार चढला आणि हा छाती काढून फिरू लागला. मी घरोघर जाऊन पगाराच्या चिठ्ठ्या पाहिल्या. वाढले होते ते राजधानी होबार्टहून आलेल्या साहेबांचे पगार. बटाटे निवडणाऱ्या बायकांची मजुरी होती तिथेच, घरभाडी मात्र वर गेलेली. मी हे भर नगरसभेत वाचून दाखवले.

"मजुरी वाढवली तर कारखाना जाईल, एनिड," लेस्टर म्हणाला. "मग गावाने काय खायचं?"

"आत्ता काय खातंय, ते विचारलंस कधी?"

बायकांनी माझा अहवाल पुढे करून मजुरी वाढवून घेतली. लेस्टरने माझ्याशी बोलणे टाकले. धास्ती मलाही होती. कारखाना गेला असता तर त्याच बायकांना तोंड कसे दाखवणार होते? दरवर्षी जाऊन पाहत राहिले. कामावरची माणसे घटली नाहीत. उलट आधी सोडून जाणाऱ्या बायका आता टिकू लागल्या.

बऱ्याच वर्षांनी लेस्टर जेवणासाठी एक शेवंड (मोठा समुद्री झिंगा) घेऊन दारात उभा राहिला.

"कारखाना गेला नाही," तो म्हणाला.

"नाही गेला."

"तुला आधीच माहीत होतं?"

"माहीत असतं तर मोजत कशाला बसले असते? आत ये."

४. माझी होडी लेस्टरला द्यायची होती. पण तो साक्षीदार व्हायला निघाला, आणि वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही.

"मग होडी नको," लेस्टर म्हणाला. "मी सही करतो."

"अरे, सही पोस्टातली कोणीही करेल."

"त्या सभेनंतर मी गावभर सांगत फिरलो, हिचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून. आता ठिकाणावर आहे, असं लेखी देतो."

सबब होडी केरीला.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी दोन चुका काढल्या, त्या दुरुस्त झाल्या.

सही: एनिड मा. व्हॉस्पर

लिहून देणार बाई पूर्ण शुद्धीवर असून त्यांनी आमच्या समक्ष सही केली आहे.

साक्षीदार:
१. नोरीन क्लोसे, पोस्टमास्तर
२. लेस्टर व्हॉस्पर, भाऊ

हेरन पॉइंट, १४ मार्च २०१९