लिफ्टच्या खड्ड्यातलं पिल्लू

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धरलेत असं समज. गेल्या मंगळवारी एका सात मजली इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करायला गेलो होतो. तिथल्या लोकांचं म्हणणं, लिफ्ट दोन दिवस रडतेय. मी म्हटलं, तार घासत असेल. खाली खड्ड्यात उतरलो, तर स्प्रिंगमागे मुठीएवढं मांजराचं पिल्लू! वंगणात इतकं माखलेलं की शेपूट कुठलं नि पाय कुठला ते कळेना. टॉवेलात गुंडाळून खोलीवर आणलं, कोमट पाण्यानं तीनदा धुतलं. काळं वाटलं होतं, निघालं पिवळं. नाव ठेवलंय वंगण्या.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या घरमालकीणबाईंना जनावर चालत नाही. त्यांनी अजून त्याला पाहिलेलं नाही, पण परवा जिन्यात अडवून म्हणाल्या की तुम्ही हल्ली दूध फार आणता. तुझ्याकडे मांजर म्हणून मावशी आहे, कुत्रा म्हणून हवालदार आहे. त्या दोघांत तिसरं खपून जाईल. तू दिवसभर घरात एकटी पुस्तकं बांधत बसतेस. दाजी गेल्यापासून तुझ्या पत्रांत पुठ्ठा आणि खळ याशिवाय बातमी नसते. तेव्हा नाही म्हणू नकोस. म्हणायचंच असेल तर पत्र सावकाश टाक.

तुझा उपद्व्यापी,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि काळजीही वाटली. हवालदाराचा प्रश्न नाही. त्याला एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं तो कुणाचं ऐकत नाही. मावशीचं तसं नाही रे. चौदा वर्षांची म्हातारी, त्यात मूत्रपिंड नाजूक. ह्यांनी तिला शर्टाच्या खिशात घालून आणलं होतं. हवालदार हे गेल्यानंतर आला. या घरात ह्यांना ओळखणारं माझ्याखेरीज ती एकच उरली आहे.

काल जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले की बाहेरचं पिल्लू पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं, भांडी वेगळी, आणि मग हळूहळू तोंडओळख. शिंका किंवा डोळ्यांना चिकटा असेल तर आणखी थांबायचं, कारण मावशीच्या वयात साधी सर्दीही जिवावर बेतते. माझ्या खोल्या दोन. आतल्या खोलीत एका शाळेच्या ग्रंथालयाची दोनशे पुस्तकं सुकत पडली आहेत. ती हलवली तर काम महिनाभर मागे पडेल.

म्हणून सरळ विचारते. तुझे डॉक्टर काय म्हणाले? पिल्लू निरोगी असेल तर आण. नसेल तर तसं कळव, मग बघू कसं करायचं ते. तू लिहिशील त्यावर मी चालेन.

स्वतःचं जेवण वेळेवर करत जा, पिल्लाचं करतोस तसं.
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांना दाखवलं. पिल्लू ठणठणीत आहे. पुस्तकं हलवू नकोस. रविवारी दुपारी घेऊन येतो.

घाईत आहे, राग नसावा.
धाकटा

२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पिल्लाची टोपली दारात ठेवून चहाही न घेता पळालास, हे काही बरं नाही केलंस. पाहुणा मात्र तुझ्यापेक्षा गुणी निघाला. पहिले तीन दिवस त्याला न्हाणीघरात ठेवलं. मग त्यानं असा काही टाहो फोडला की मी दार उघडलं. हवालदारानं त्याला हुंगलं, जांभई दिली आणि कूस बदलली. मावशी कपाटावर चढून बसली ती दोन दिवस उतरेना. वरून नुसती फुसफुसायची, जणू घर तिच्या नावावर आहे.

सहाव्या दिवशी आपणहून खाली आली. वंगण्याला एक चापट दिली, मग त्याच पंजाखाली त्याला दाबून धरलं आणि त्याचं डोकं चाटायला लागली. मी खळीचा ब्रश हातात धरून बघतच राहिले. खळ वाळून गेली. ह्यांना हे दाखवायला हवं होतं, असं वाटलं.

कालपासून मावशी शिंकते आहे. ताटली तशीच आहे. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. फार काळजी करू नकोस.

पुढच्या वेळी चहा घेऊनच जा.
ताई

७ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मावशी काल सकाळी गेली. चार दिवस तिनं पाणीही घेतलं नव्हतं. तू येऊ नकोस. शाळेची पुस्तकं द्यायची आहेत, मला काम आहे.

ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू येऊ नको म्हणालीस म्हणून आलो नाही. खरं म्हणजे तोंड दाखवायची हिंमतच नव्हती.

मी खोटं लिहिलं होतं. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की नाक वाहतंय, पंधरा दिवस दुसऱ्या मांजराजवळ नेऊ नका. पण मालकीणबाईंनी पिल्लाचा आवाज ऐकला होता आणि मला रविवारपर्यंत मुदत दिली होती. खरं लिहिलं तर तू नाही म्हणशील, असं वाटलं. मनाची समजूत घातली की एवढ्याशा जिवाची सर्दी ती काय. लिफ्टच्या तारेचा एक पदर तुटलेला दिसला तरी मी लिफ्ट बंद करून लोकांना जिन्यानं पाठवतो. कितीही ओरडले तरी ऐकत नाही. आणि तुझ्या घरात मात्र डोळ्यांवर कातडं ओढलं. त्या दिवशी चहाला थांबलो नाही, कारण तू पिल्लू उजेडात धरलं असतंस आणि मला विचारलं असतंस.

एका वखारीचा पहारेकरी त्याला घ्यायला तयार आहे. तुला ते डोळ्यांसमोर नको असेल तर येऊन घेऊन जाईन. माफी कशी मागावी तेच कळत नाही.

अपराधी,
धाकटा

२८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुला तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा फाडलं. एक फार कडू झालं होतं, बाकीची नको तेवढी गोड. राग आला. अजून आहे. तो गेला असं लिहिलं तर मीही तुझ्यासारखंच केलं असं होईल.

पण मलाही काही सांगायचं आहे. न्हाणीघराचं दार उघडलं त्या दिवशी पिल्लाच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात चिकटा होता. मी तो पाहिला. ओल्या फडक्यानं पुसला, तुझं पत्र काढलं आणि त्यातला ‘ठणठणीत’ हा शब्द पुन्हा वाचला. चाळीस वर्षं मांजरं पाळणाऱ्या बाईला डोळ्यांसमोरचं सोडून कागदावरचं खरं का वाटावं? मला त्याचं रडणं ऐकवत नव्हतं आणि पुस्तकंही हलवायची नव्हती. तू लिहिलंस ते मला सोयीचं होतं. मावशी गेली त्यात माझाही हात आहे, आणि सगळा दोष तुझ्या माथी मारणं मला जमत नाही.

पहारेकऱ्याला नाही म्हणून कळव. वंगण्याचा यात काय दोष? त्याची सर्दी बरी झाली. मावशी गेल्यावर पहिले आठ दिवस मी त्याच्याकडे पाहिलं नाही, ताटली ठेवून तोंड फिरवायची. तो हवालदाराच्या पोटाशी जाऊन झोपायचा. आता कधीकधी माझ्या पायाशी येऊन बसतो. मी त्याला हाकलत नाही. याहून जास्त अजून होत नाही.

तू रविवारी ये. मावशीबद्दल बोलू नकोस, मीच कधीतरी बोलेन. पण एक तेवढं ऐकून ठेव. तू खरं लिहिलं असतंस तर मी चिडले असते, दोन दिवस कुरकुर केली असती, आणि मग ती दोनशे पुस्तकं एकेक करून बाहेर काढून तुला ये म्हणून लिहिलं असतं. इतक्या वर्षांत तुला एवढंही ठाऊक नव्हतं, हे मला जास्त लागलं.

आशीर्वाद आहेत, रागासकट.
ताई