खाली शून्य, वर शंभर

३ जून, सकाळी ७
नवी वही. जुनी पाण्याच्या बादलीत पडली. (मी टाकली. रागात.) संकल्प एक : चिडायचं नाही. संकल्प दोन : तिला विचारायचं.

ती म्हणजे मामाच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते ती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलते आणि विचारते, एक बरं दिसतंय की दोन? ती सांगेल त्या नंबरची काच मागच्या खोलीत मी घासतो. म्हणजे आमचं दोघांचं आधीच जुळलेलं आहे. हे तिच्या लक्षात यायचंय, इतकंच.

तिला दुसऱ्या गावच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी आलीय. वीस तारखेपर्यंत कळवायचंय. सतरा दिवस. भरपूर झाले.

५ जून
ताईनं विचारलं, ती हो म्हणण्याची शक्यता किती? सत्तर टक्के, मी ठोकून दिलं. संख्याशास्त्राची दोन वर्षं उगाच नाही केली. (दीड. सर म्हणाले, या नाण्याचा छापा पडण्याची शक्यता एका आकड्यात सांग. मी म्हणालो, नाणं माझ्या ओळखीचं नाही, एकच आकडा कसा सांगू? दार आपटून निघालो ते निघालोच. छत्री तिथेच राहिली.)

घरात भांडी एक दिवस मी घासतो, एक दिवस ताई. तिनं चिठ्ठी लिहिली : 'वीसपर्यंत ती हो म्हणाली, तर तुझ्या दहा पाळ्या माझ्याकडे.' किंमत? सत्तर टक्के खात्री आहे ना, मग माझ्या सात पाळ्या तू कर, आगाऊ. रास्त व्यवहार. घेतली.

८ जून
फ्रेमवाला सेल्समन आला होता. त्याच्या विनोदावर ती हसली. दोनदा. विनोदात काही दम नव्हता. मी ड्रॉवर जरा जोरात लावला, आतली काच गेली. मामा म्हणाला, घासायला दिली होती रे बाबा, फोडायला नाही.

घरी पाऊल टाकताच ताई : ती नाही म्हणण्याची शक्यता किती? साठ! ओरडलोच. तिनं लगेच दुसरी चिठ्ठी पुढे केली. नाही म्हणाली तर दहा पाळ्या मिळणार, किंमत सहा. घेतली. आता दोन्हीकडून सुरक्षित.

९ जून, ओल्या हातानं
सात आणि सहा तेरा. ती हो म्हणो नाहीतर नाही, मिळणार दहाच. काहीही झालं तरी तीन पाळ्या गेल्या!

ताईला जाब विचारला. ती मशीनवर बाही जोडत होती, मानही वर केली नाही. म्हणाली, सत्तर तुझे, साठही तुझेच. एका डोक्यात एकशे तीस टक्के, मी फक्त बेरीज केली.

११ जून
तोडगा सापडला! एक आकडा सांगायचाच नाही. खालचा सांगायचा आणि वरचा सांगायचा. 'हो'ला खाली तीस, वर ऐंशी. मग 'नाही'ला आपोआप खाली वीस, वर सत्तर. कुठे विसंगती नाही. 'हो'ची चिठ्ठी घ्यायची तर तीन पाळ्यांपर्यंतच घेईन, आणि मी कुणाला द्यायची तर आठच्या खाली देणार नाही. मधला कुठलाही भाव आला की हाताची घडी, तोंडावर बोट.

ताईनं पाच म्हणून पाहिलं. मी गप्प. सहा. गप्प. कंटाळून उठून गेली. सरांनी हे बघायला हवं होतं.

१३ जून
माळ्यावरून कॉलेजचं पुस्तक काढलं. माझा शोध चौथ्या प्रकरणात छापलेला आहे. मी दार आपटलं तेव्हा तिसरं चालू होतं. सर मागून ओरडले होते, अरे पुढे येतंय ते, बस खाली! मला वाटलं, दम देतायत.

१५ जून
पुरावा गोळा करतोय. तिनं विचारलं, जेवलास का? (वर ८५.) तेच मामालाही विचारलं. (खाली २०.) माझ्याकडे बघून छान हसली. (वर ९०!) माझ्या नाकाला पॉलिशची पावडर लागली होती. (खाली १०.)

दोन्ही आकडे जवळ आले की विचारायचं. सध्या लांब चाललेत.

१७ जून
खाली शून्य, वर शंभर. आता मला कुणी माईचा लाल पकडू शकत नाही. ताई म्हणाली, म्हणजे तू काही बोललासच नाहीस. प्रामाणिकपणा लोकांना झेपत नाही.

दुकानातही लागू केलं. एका आजोबांचा नंबर कार्डावर पुसट होता, एक की सव्वा कळेना. मी एक ते सव्वाच्या मधलं काहीतरी घासलं. मामानं कपाळाला हात लावला. म्हणाला, चष्मा असा मधे लोंबकळत नसतो, राजा. एक नंबर धर, घालून बघू दे. नाही बसला तर बदलू. आधी स्वतःचे डोळे तपासून घे.

चिडलो नाही. (थोडा.)

२० जून, दुपारी ३
तपासून घेतले. अंधारी खोली, ती आणि मी. एक बरं की दोन? मी म्हणालो, दोन्ही सारखंच. तीन की चार? थोडं हे, थोडं ते. ती थांबली. मग काच हातात धरूनच हळू म्हणाली, पाचला फोन करून कळवायचंय. थांबू, की जाऊ? तूच सांग. एक, की दोन?

छातीत घासायचं चाक फिरत होतं. पण डोकं ठिकाणावर ठेवलं. पुरावा अपुरा होता. सांगितलं : खाली शून्य, वर शंभर.

तिनं हातातली काच पेटीत ठेवली. मग 'बरं' म्हणाली आणि दिवा लावला. हे 'बरं' चांगलं लक्षण असावं.

२० जून, सव्वापाच
जातेय.

२१ जून
निदान दहा पाळ्या तरी. 'नाही'ची चिठ्ठी ताईसमोर आपटली. तिनं वाचली, परत दिली. विचारलं, ती नाही म्हणाली? म्हटलं, तसं म्हणाली नाही. मग हो म्हणाली? तसंही नाही. अरे, पण तू विचारलंस का? म्हटलं, तिनं विचारलं.

ताईनं मशीन थांबवलं. हसेल वाटलं होतं. हसली नाही. दोन्ही चिठ्ठ्या बाद. तेरा पाळ्या माझ्याच.

दुकानात माझं तपासणीचं कार्ड सापडलं. तिच्या अक्षरात : 'उजवा ० ते १००. डावा ० ते १००. या नंबरची काच मिळत नाही.' आणि अगदी खाली, पेन्सिलीनं : 'मला एक बरं दिसत होतं.'

आठ पाळ्या झाल्या, पाच उरल्या. हा आकडा पक्का आहे.