डाव्या नळीतलं काडतूस

अण्णा,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहून ठेवतेय. आयुधपूजेसाठी तुझी बंदूक पुसायला घेतली. "रिकामीच आहे गं, नुसतं कुंकू लाव," असं सांगून तू सकाळी बाहेर पडलास. पण सख्ख्या भावाने रिकामी म्हटली तरी आधी उघडून बघायची, हे तूच शिकवलंस. बघितलं. डाव्या नळीत काडतूस होतं.

बँकेच्या दारात एकोणीस वर्षं उभा राहिलास. रोज ड्यूटी संपली की दोन्ही नळ्यांत करंगळी घालून बघायचास, मगच घरी निघायचास. तू विसरणारा माणूस नाहीस. नोकरी गेल्यापासून तू धड जेवतोस कुठे, बोलतोस कुठे? ते काडतूस कोणासाठी होतं ते मला कळतं. मूर्ख समजू नकोस.

बंदूक कपाटात बंद आहे. किल्ली आणि सगळी काडतुसं मी घेतलीत. तुला शोधायला शिवाजीनगरला, तुझ्या जुन्या बँकेकडे चाललेय. आधी पोचलास तर इथेच थांब. शेजारच्या सुचेताक्कांना सगळं सांगितलंय, त्या तुझ्याजवळ येऊन बसतील. त्यांना हाकलू नकोस.

त्यांना सांगितलं म्हणून राग आला तर मला शिव्या दे. पण समोर बसून दे.

चंदना