मनीची शिकवणी

६ जानेवारी, सोमवार

सरडा! जिवंत! माझ्या छातीवर!

सकाळचं ऊन दारातून आत आलेलं. मी कॉटवर उताणा, चहाची वाट बघत. आमची मांजर मनी आली, उडी मारून वर चढली, तोंडातलं सोडलं आणि बाजूला बसली. सरडा जरा वेळ तसाच. मग माझ्या गळ्याकडं निघाला! ओरडायला शब्द सापडेना. लकवा झाल्यापासून घाईच्या वेळी नेमका शब्द सापडत नाही. शिव्या मात्र सापडतात. दिली एक. बायको, सारजा, पदर खोचत धावत आली, सरडा बघून दारातच थांबली आणि किंचाळली, 'अवो, हाकला की त्याला!'

कशानं हाकलू? डावा हात गोधडीत अडकलेला, उजवा असून नसल्यासारखा.

सरडा शेवटी आपणहून उतरून गेला. मनी माझ्याकडं बघत होती. गाडी लेट आणली की आमचे डेपो मॅनेजर बघायचे, अगदी तसं.

७ जानेवारी, मंगळवार

सोनम मॅडम आल्या होत्या. फिजिओवाल्या, बारामतीहून सांगवीपर्यंत स्कूटीवर येतात. डाव्या हातानं रोज चार ओळी लिहायच्या हे त्यांचंच फर्मान. वही लांबून बघून म्हणाल्या, 'छान, आबा.' छान कसलं! रस्त्यावर खडी सांडल्यासारखं अक्षर. वाचलं नाही त्यांनी, ते बरं झालं.

उजव्या हाताला टाचणी टोचून पाहिली. 'कळतंय?' नाही. 'आता?' नाही. पाच महिने हेच चाललंय. अठ्ठावीस वर्षं ह्या हातानं एसटीचं स्टिअरिंग फिरवलं. इंदापूर स्टँडात भरलेली गाडी एका दमात मागं घ्यायचो, कंडक्टरला शिट्टी वाजवायला लागायची नाही. आणि आता कुणी पॅसेंजर पिशवी विसरून उतरावा तसा हा हात माझ्याशेजारी पडून असतो.

९ जानेवारी, गुरुवार

बापूसाहेबांच्या उसात ऊसतोडीची टोळी शिरली. त्यांचा ऊस आमच्या परसाला लागूनच. कोयते चालायला लागले की आतले उंदीर, सरडे, साप उभ्या उसाकडं सरकत जातात. उभा ऊस संपला की घरांकडं पळतात. म्हणजे मनीचा सीझन सुरू!

आज हिशेब असा: एक उंदीर मेलेला, एक अर्धमेला. दोन्ही बोक्यापुढं टाकले. बोक्या म्हणजे तिचं लेकरू, तीन महिन्यांचं, पिवळं, आळशी. त्यानं वास घेतला आणि आईच्याच शेपटीशी खेळत बसला.

११ जानेवारी, शनिवार

दिवसभर मला दुसरं काम नाही, म्हणून मनीचंच काम बघतो. काय बाई आहे!

जिवंत उंदीर आणते, पण अंगावर एक ओरखडा नसतो. ज्या जबड्यानं ती हाड मोडते, त्याच जबड्यात उंदीर परसातून घरापर्यंत येतो आणि खाली ठेवला की पळतो! एवढी ताकद असून दाबायचं नाही, हे आमच्या अर्ध्या ड्रायव्हरांना रिटायर होईपर्यंत जमलं नाही. ब्रेकवर पाय ठेवला की मागचे पॅसेंजर पुढं.

आणि पद्धत बघा. आधी मेलेला आणायची. मग अर्धमेला. आता जिवंत. सोडते आणि स्वतः दारात बसते, वाट अडवून. उंदीर बोक्याच्या हातून सुटला की एका पंज्यात धरते आणि पुन्हा त्याच्यापुढं ठेवते. रागावत नाही. मारत नाही. पुन्हा ठेवते.

बघता बघता डोक्यात उजेड पडला. परवाचा सरडा! तो मला खाऊ नव्हता. दिवसभर पडून असतो, शिकार करत नाही, दुसऱ्यानं भरवलेलं खातो. असलं एक मोठं पिल्लू ह्या घरात आहे हे तिनं हेरलंय. मी वर्गात आहे! मी आणि बोक्या, एका बाकावर.

एकटाच हसत होतो. सारजाला वाटलं उचकी लागली, पाणी घेऊन आली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. येणारा-जाणारा तिळगूळ डाव्या हातावर ठेवून गेला. उजव्याकडं कुणी बघतसुद्धा नाही, जसं मयताच्या घरी त्या विषयावर कुणी बोलत नाही. माझा मुलगा मल्हार मला खुर्चीत बसवतो तेव्हा तो हात उचलून मांडीत ठेवतो आणि वर टॉवेल टाकतो. चांगलं पोरगं आहे. पण टॉवेल टाकतो.

दुपारी मनी आली. तोंडात छोटा उंदीर. कॉटवर चढली, डावा हात हलत होता तो ओलांडून पलीकडं गेली आणि उजव्या तळव्यावर उंदीर ठेवला. उजव्या! उंदीर माझ्या बोटांवरून चालत गेला. मी बघितलं म्हणून कळलं, नाहीतर काही नाही. मनीनं तो पुन्हा आणला. पुन्हा उजव्यावर. तीनदा.

ह्या घरात तो हात आहे असं मानणारं एकच जनावर आहे. डोळे भरून आले. लिहून टाकतो, वाचणार कोण आहे!

१७ जानेवारी, शुक्रवार

बोक्या पास झाला. मी त्याच इयत्तेत.

१९ जानेवारी, रविवार

आज वाईट झालं. मल्हारला एमआयडीसीतली सुट्टी, घरात होता. मनीनं कालव्याकडून विरोळा आणला, हातभर लांब, जिवंत, आणि माझ्या कॉटपाशी सोडला. पाण्यातला साप, विषारी नाही, मी लहानपणी मेंढरं पाजताना शेपटीला धरून फेकलेत असे. पण मल्हार कधी मेंढरांमागं गेलाय? तो स्टुलावर चढला!

साप मोरीच्या भोकातून गेला. मग स्टुलावरूनच निकाल लागला. 'आई, हे मांजर आता ह्या घरात न्हाय ऱ्हायचं. प्रतिक्षा पोरीला घिऊन येनार, आन् ही बया पाळण्यात साप टाकंल!'

प्रतिक्षा माझी सून. बाळंतपणाला इंदापूरला माहेरी गेलीय. नातीला सव्वा महिना झाला की ९ फेब्रुवारीला दोघी येणार. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मनी आणि बोक्या दोघांना पोत्यात घालून मोरगावच्या माळावर सोडायची. पोतं गोल फिरवायचं म्हणजे मांजराला दिशा कळत नाही, ही आमच्याकडची रीत.

मल्हारचं काही चुकतंय असं म्हणता येत नाही. त्याचाच जास्त राग आला.

२१ जानेवारी, मंगळवार

मल्हारला समजावून सांगायला गेलो. अर्धे शब्द पुढचे मागं, मागचे पुढं. म्हणालो, ती मला शिकवतेय. हाताला शिकवतेय. त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. 'व्हय आबा, व्हय.' लहान पोराला म्हणतात तसं.

२४ जानेवारी, शुक्रवार

सोनम मॅडमनी हात उचलला, नाकाशी नेला आणि थांबल्या. 'ह्याला काय लावलंय?'

मी म्हणालो, लाल तेल. सारजा दिवसाआड चोळते, वर कापूर लावून फडकं बांधते. मला तेलच वाटत होतं. सारजा खाली बघत होती. मॅडमनी दोनदा विचारल्यावर बोलली. 'पारव्याचं रगात हाय. त्या झाडपाल्यावाल्या साखरबाईनं सांगितलं, लकव्यावर चालतंय म्हनून.'

मॅडम चिडल्या, पण आवाज चढवला नाही. असलं काही परत लावायचं नाही, चामडीला जखम असेल तर पू धरेल, सकाळ-संध्याकाळ साबणानं धुवायचा. सारजा मान हलवत राहिली.

मल्हार सेकंड शिफ्टला निघाला होता, जाता जाता म्हणाला, 'बगा आबा! मांजर तुमाला शिकवत न्हवतं. रगताच्या वासाला येत हुतं.'

म्हणजे मी विद्यार्थी नाही. मी खाणं आहे.

२५ जानेवारी, शनिवार

हात धुतला. मनी आली नाही. लिहिण्यासारखं काही नाही. ही चौथी ओळ.

२७ जानेवारी, सोमवार

आली नाही. परसात दिसते, बोक्याला घेऊन तुटलेल्या उसात जाते. माझ्या खोलीकडं फिरकत नाही. मल्हार बरोबर, मी येडा. साठीचा माणूस, मांजराच्या नजरेत मान शोधत बसलेला!

सारजा हात धुता धुता रडली. 'तुमचा हात यावा म्हनून केलं वो. दुसरं काय हुतं माज्याकडं?' कोंबडी कापताना घराच्या पलीकडं जाऊन उभी राहणारी बाई. इतके दिवस बाटलीतलं रक्त हातानं चोळत होती आणि मला कळू दिलं नाही. डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, तेवढंच.

३० जानेवारी, गुरुवार

आली! आली! आली!

अकरा वाजता. सारजा शेंगा फोडत कॉटपाशी बसलेली. मनीच्या तोंडात जिवंत उंदीर. वर चढली. उजव्या हाताजवळ गेली, वास घेतला आणि शिंकली. साबण! वाटलं, आता उतरणार. ती जरा थांबली, मग उंदीर तळव्यावर ठेवला आणि मागं सरकून बसली.

सारजाच्या मांडीवरचं सूप खाली पडलं. 'अवो, मी तर हात दोनदा धुतलाय! आत्ताच!'

रात्रपाळी करून झोपलेला मल्हार उठल्यावर तिनंच त्याला सांगितलं. मी ऐकत होतो. 'वास न्हाय, काय न्हाय. तरीबी हातावरच ठिवलं. मांजराला कळतंय, तुला कळंना.' आयुष्यात पहिल्यांदा सारजा माझ्या बाजूनं भांडली असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

मल्हारशी सारजाचं पुन्हा झालं. त्यानं एकच विचारलं, 'बाळाच्या तोंडावर उंदीर सोडला तर?' सारजा सूप उचलून परसात गेली. त्याला लेक झालीय, तो बाप झालाय, बापानं असंच बोलायला पाहिजे. मी त्याच्या वयाचा असतो तर इतके दिवस थांबलो नसतो.

पण हेही खरं, की ती गेल्यावर ह्या हाताला पुन्हा टॉवेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

रोज एक. कधी सरडा, कधी उंदीर. मी मनात म्हणतो, धर! धर की! बोटं ऐकत नाहीत. मनी आणून ठेवते. पळालं की परत आणते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पोतं काढून ठेवलंय. धान्याचं, दोन भोकं शिवलेली.

आज मनी काही न आणताच आली. बोक्या तिच्यामागं. कॉटच्या पायथ्याशी बसली, ऊन अंगावर घेत. तिच्याकडं बघत राहिलो. पाच महिन्यांत जो जो आला त्याच्या डोळ्यांत कीव होती. डॉक्टरांच्या, पाव्हण्यांच्या, माझ्या पोराच्या. मी कीव चहाबरोबर गिळत आलो. हिच्या डोळ्यांत ती कधीच नव्हती. ही नुसती वाट बघते, तुला जमेल तेव्हा जमेल असं तिचं म्हणणं. असा उस्ताद मला ड्रायव्हिंग शिकतानाही भेटला नाही.

म्हणालो, 'मने, माझं काही खरं नाही, नापास कर मला.' तिनं कान हलवला.

८ फेब्रुवारी, शनिवार

इंजेक्शन घेऊन आत्ताच आलो. पोतं दारात पडलंय, त्यावर बोक्या झोपलाय. मल्हारनं त्याला उठवला नाही.

झालं असं. मल्हार पोतं घेऊन आत आला तेव्हा मनी आधीच कॉटवर होती. उसातला मोठा उंदीर, चांगला चिडलेला. हातावर ठेवला. तो पळाला नाही. वळला आणि माझ्या उजव्या अंगठ्याला कडकडून चावला.

मी ओरडलो. मल्हारनं पोतं टाकलं आणि अंगठा दोन्ही हातांत धरला. रक्त बघून घाबरला होता. मग त्याच्या ध्यानात आलं, मी का ओरडलो ते.

'आबा... दुखलं? हितं?'

व्हय! तितंच!